मोबाईलवर आले म्हणून ते औषध होत नाही!

अमरावती-अकोल्याच्या कोणत्याही वस्तीत आज दोन गोष्टी हमखास सापडतात. एक म्हणजे घरोघरी आलेला मोबाईल आणि दुसरी म्हणजे त्या मोबाईलवर दररोज येऊन पडणारे आरोग्याचे फुकट सल्ले. मधुमेह मुळापासून घालविणारा काढा, किडनी पुन्हा 'नवी' करणारे चूर्ण, कर्करोग पळवून लावणारा पाला आणि हल्ली तर सिकलसेल 'कायमचा' बरा करणारे गुप्त औषध! पाठविणारा आपलाच नातेवाईक असतो, त्याचा हेतूही चांगला असतो. परंतु हेतू चांगला असला म्हणून माहिती खरी ठरत नाही. विष प्रेमाने पाजले तरी ते विषच असते, हे आता आपल्या समाजाने स्पष्टपणे बोलण्याची वेळ आली आहे.

हा विषय आमच्या वाचकांच्या दाराशी आलेला आहे. सिकलसेल हा आजार विदर्भात आदिवासींमध्ये आणि पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात, मोठ्या प्रमाणावर आढळतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली आणि १९५८ साली नागपूरच्या डॉक्टर शुक्ला व सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. म्हणजे हा आजार आपल्याकडे आहे हे जगाला कळून साठ वर्षे उलटून गेली. तरीही आमच्या कित्येक घरांत पोराचे हातपाय ठणकतात, डोळे पिवळे होतात, ताप हटत नाही आणि घरातील माणसे आधी मोबाईल उघडतात, दवाखाना नंतर!

मोबाईलवर त्यांना काय सापडते? कुणी गव्हांकुराचा रस सांगतो, कुणी पपईचा पाला, कुणी लोहाचे टॉनिक. रक्त कमी आहे ना, मग लोह द्या, असा साधा हिशेब! पण सिकलसेलमध्ये रक्त कमी होते ते लाल पेशी लवकर फुटतात म्हणून. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर विळ्याच्या आकाराची झालेली पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. येथे केवळ लोह देऊन भागत नाही. वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णाच्या शरीरात तर लोह आधीच साठलेले असू शकते. अशा रुग्णाला तपासणीविना लोहाच्या गोळ्या देणे म्हणजे भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतणे आहे. ज्या पोराला ताप आला की तातडीने रुग्णालयात नेले पाहिजे, त्याला घरी रस पाजत बसले तर जंतुसंसर्ग कोणाची वाट पाहत नाही. खोट्या माहितीची किंमत पैशात मोजता येत नाही, ती पोराच्या जिवाने मोजावी लागते.

निव्वळ खोटे ओळखणे त्या मानाने सोपे असते. अर्धे खरे मात्र फार घातक! हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचेच उदाहरण घ्या. सिकलसेलच्या वेदना आणि रुग्णालयात भरती होण्याच्या वेळा या औषधाने कमी होतात, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत दिसून आले आणि १९९८ मध्ये तेथील औषध प्रशासनाने त्याला या आजारासाठी मान्यता दिली. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतूनही ते दिले जाते. पण मोबाईलवर मजकूर फिरतो की, 'हे तर कॅन्सरचे औषध आहे, पोराला मुळीच देऊ नका!' हे औषध रक्ताच्या काही कर्करोगांतही वापरतात, एवढे त्यातले खरे. म्हणून ते सिकलसेलच्या पोराला देऊ नये, हा निष्कर्ष मात्र साफ चुकीचा. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळाने रक्त तपासत घ्यायचे असते आणि गरोदरपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचे असते. ही अर्धी माहिती वाचून एखादी आई घाबरते, औषध बंद करते आणि पोरगा पुन्हा वेदनेने तळमळू लागतो. मग दोष कोणाला देणार? त्या आईला मुळीच नाही. जी माहिती तिला पहिल्याच दिवशी तिच्या भाषेत समजावून सांगायला हवी होती, ती कोणी सांगितली नाही, दोष त्यांचा आहे.

दुसरी गोष्ट माहितीच्या वयाची. वर्तमानपत्रावर तारीख असते, म्हणून शिळे वर्तमानपत्र आपण रद्दीत टाकतो. मोबाईलवरची शिळी माहिती मात्र रोज ताजी होऊन येते. व्हॉक्सेलोटर नावाच्या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०१९ मध्ये सिकलसेलसाठी मान्यता मिळाली. त्याचे गोडवे गाणारे शेकडो मजकूर तेव्हा लिहिले गेले आणि त्यातले बरेच त्या दिवशी खरेही होते. पण सप्टेंबर २०२४ मध्ये फायझर कंपनीने हे औषध जगभरातून मागे घेतले, कारण फायद्यापेक्षा धोका अधिक असल्याचे दिसू लागले होते. जुने मजकूर तसेच राहिले! त्याचप्रमाणे डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने सिकलसेलवरील जनुकीय उपचारांना मान्यता दिली. ही बातमी खरी आहे. परंतु त्यातील कॅसजेव्ही या उपचाराची तेथील किंमत सुमारे २२ लाख डॉलर, म्हणजे रुपयांत १८ कोटींच्या वर आहे आणि त्याआधी रुग्णाला तीव्र रसायनोपचार सोसावे लागतात, हे आपल्याकडे फिरणाऱ्या मजकुरात येत नाही. जुळणारा दाता मिळाल्यास अस्थिमज्जा प्रत्यारोपणानेही आजार बरा होऊ शकतो. म्हणजे 'सिकलसेलला इलाजच नाही' हेही खोटे आणि 'आमच्या पुडीने तीन महिन्यांत बरा' हेही खोटे. खरे या दोहोंच्या मध्ये असते आणि ते एका ओळीत मावत नाही.

मग सामान्य माणसाने माहिती पारखावी कशी? इंटरनेट नवे होते तेव्हाच, १९९७ साली, अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात चार कसोट्या सुचविल्या गेल्या होत्या. लिहिणारा कोण आहे? त्याने माहिती कोठून घेतली? त्याचा पैसा आणि हितसंबंध कोठे गुंतले आहेत? आणि मजकुराची तारीख कोणती? चारही प्रश्न इतके साधे आहेत की बाजारात बैलाचे दात पाहणारा आमचा वऱ्हाडी शेतकरी ते सहज विचारू शकतो. बियाण्याची थैली घेताना तो कंपनी पाहतो, लॉट नंबर पाहतो, मुदत पाहतो, पावती मागतो. तीच चिकित्सा पोराच्या औषधाच्या बाबतीत का नको? ज्या मजकुराच्या शेवटी फोन नंबर आहे आणि फोन लावला की आधी पैसे मागतात, तेथे ज्ञानदान संपले आणि दुकान सुरू झाले असे समजावे. 'शंभर टक्के', 'कायमचा', 'डॉक्टर तुमच्यापासून लपवितात' हे शब्द दिसले की सावध व्हावे, कारण खरा वैद्य मर्यादा सांगतो आणि भोंदू हमी देतो. स्वित्झर्लंडची एक संस्था आरोग्यविषयक संकेतस्थळे तपासून त्यांना विश्वासाची मोहोर देत असे. २०२२ च्या अखेरीस तिने काम थांबविले. तेव्हा कोणाच्या शिक्क्यावर विसंबून राहण्याची सोयही आता उरलेली नाही. त्यात आज प्रसिद्ध डॉक्टरांचा चेहरा आणि आवाज यंत्राने तयार करून खोटे व्हिडिओ बनविले जातात आणि विचारलेल्या प्रश्नाला यंत्रच तत्काळ उत्तर देते. उत्तर सफाईदार आहे म्हणून ते बरोबर आहे असे नाही. चेहरा ओळखीचा असला तरी दावा तपासलाच पाहिजे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. 'सरकारी तेवढे खरे आणि बाकी सर्व अफवा' हा नियमही कामाचा नाही. अमरावतीकरांनी २०२१ साली हे अनुभवले आहे. त्या फेब्रुवारीत अमरावतीत कोरोनाचे रुग्ण झपाट्याने वाढले आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर शहरांत टाळेबंदी लागली. विषाणूचा नवा प्रकार आला अशी चर्चा सुरू होताच राज्याच्या आरोग्य विभागाने खुलासा केला की, ब्रिटन, दक्षिण आफ्रिका व ब्राझीलमधील प्रकार येथील नमुन्यांत आढळलेला नाही. खुलासा खोटा नव्हता. पण लोकांनी त्याचा अर्थ 'नवे काहीच नाही' असा घेतला! पुढे २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेच महाराष्ट्रातील नमुन्यांत दोन विशिष्ट बदल एकत्र आढळत असल्याचे जाहीर केले. बी.१.६१७ म्हणून ओळखल्या गेलेल्या या कुळातील एका शाखेला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी 'डेल्टा' हे नाव दिले. त्या शाखेने देशभर काय अनर्थ केला, हे सांगायला नको. यातून धडा असा की, कोणतेही निवेदन वाचताना त्यात काय म्हटले आहे आणि काय म्हटलेले नाही, हे दोन्ही पाहावे. तीन परदेशी पाहुणे आले नाहीत म्हणजे घरात कोणीच शिरले नाही, असे होत नाही. त्याच वेळी 'कोरोना बिरोना काही नाही' म्हणणाऱ्यांना यातून कसलेही प्रमाणपत्र मिळत नाही. सरकारी माहिती अपुरी होती, त्यांची माहिती तर साफ खोटी होती. या दोहोंतील फरक ज्याला कळला, त्याला माहिती पारखण्याचे मर्म कळले.

ही चिकित्सा आपल्याला परकी नाही. तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथ वा गुरू यांच्या केवळ आधारावर काही स्वीकारू नका, असे बजावले होते. गंमत अशी की, या उपदेशाचेही एक सोयीस्कर, कापलेले रूप मोबाईलवर फिरते आणि त्यातून 'तुमच्या मनाला पटेल तेच खरे माना' असा अर्थ काढला जातो. मूळ उपदेश त्याहून कठोर आहे. आपल्या मताशी जुळते म्हणूनही स्वीकारू नका, असे तो सांगतो आणि परिणाम हितकर की अहितकर ते पाहा, जाणकार त्याला काय म्हणतात ते पाहा, असेही सांगतो. म्हणजे आपल्याला आवडलेली बातमीही तपासायची! आणि ज्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी गाडगेबाबा जन्मले, त्या जिल्ह्याला प्रश्न विचारण्याची कला का शिकवावी लागावी? बाबांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांचीच सरबत्ती असे. लोकांच्या तोंडूनच ते उत्तर काढून घेत आणि नवस-सायास, अंगारे-धुपारे यांचा फोलपणा त्यांच्याच तोंडून वदवून घेत. कालचा अंगारा कागदाच्या पुडीत येत असे, आजचा मोबाईलमधून येतो. पुडी बदलली, धंदा तोच आहे!

या खोट्या माहितीत एक जातीय विषही मिसळलेले आहे. सिकलसेल हा 'विशिष्ट जातीचा रोग' आहे, अमुक खाण्यामुळे तो होतो, मागच्या जन्मीच्या पापामुळे होतो, असले मजकूरही फिरत असतात. विज्ञान काय सांगते? ज्या ज्या प्रदेशांत हिवतापाचा कहर होता, तेथे सिकलसेलचा एकच जनुक असलेल्या, म्हणजे वाहक असलेल्या माणसांना गंभीर हिवतापापासून संरक्षण मिळाले आणि तो जनुक टिकून राहिला. म्हणून तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, भूमध्य समुद्राच्या काठी आहे आणि मध्य भारतातही आहे. विदर्भात इतर मागासवर्गीय जातींमध्येही तो आढळतो. यात पाप कोठे आले? आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणजे आजारी मूल जन्मण्यास दोघांचाही जनुक लागतो. तरीही दोष सुनेच्या माथी मारून तिला माहेरी हाकलणारी घरे आमच्यात असतील, तर त्यांनी बाबासाहेबांचा फोटो भिंतीवरून उतरवून ठेवावा! बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात दाखवून दिले होते. याच विवाहपद्धतीमुळे जनुकही त्या त्या समाजात कोंडून राहतात. म्हणून आंतरजातीय विवाहांना विरोध करू नये आणि विवाह कोणताही असो, पत्रिकेऐवजी मुला-मुलीच्या रक्ताचा अहवाल पाहावा. दोघेही वाहक निघाले तरी लग्न मोडलेच पाहिजे असे नाही, परंतु गरोदरपणातील तपासणीबाबत डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा.

आता प्रश्न व्यवस्थेला. खोटी माहिती का पसरते? कारण खऱ्या माहितीची जागा रिकामी आहे. सिकलसेलवरील विश्वसनीय मजकूर बहुतांश इंग्रजीत आहे. मराठीत जो आहे तो सरकारी परिपत्रकाच्या भाषेत आणि मेळघाटातील कोरकू मायबापांच्या भाषेत तर जवळपास नाहीच. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटाला तापलेल्या सळईने डागण्याची 'डंभा' ही प्रथा अजूनही बाळांचे हाल करते. २०२१ मध्ये कोरोनाच्या लसीबद्दल याच भागात भीती पसरली, तेव्हा कोरकूतून बोलल्याशिवाय लोकांना विश्वास वाटेना. माणसे अडाणी आहेत म्हणून अफवेवर विश्वास ठेवतात, हे म्हणणे सोपे आहे. खरे असे की, ज्यांच्याशी कोणी त्यांच्या भाषेत, सन्मानाने बोलत नाही, ते जो बोलतो त्याचे ऐकतात. अमरावतीच्या इर्विनमध्ये किंवा अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये लांब रांगेत उभे राहिलेल्या रुग्णाला तपासणीच्या टेबलावर दोन मिनिटे मिळतात आणि मोबाईलवरचा भोंदू अर्धा तास गोड बोलतो. ही स्पर्धा विषम आहे. म्हणून आमची मागणी आहे की, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मराठी आणि कोरकू भाषेत सिकलसेलची साधी पत्रके असावीत, समुपदेशकाची पदे भरलेली असावीत आणि औषधाचा पुरवठा खंडित होऊ नये.

राज्यात सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम २००८-०९ पासून आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, त्यात ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाची भाषा आहे. त्या अभियानाचा भर आदिवासी क्षेत्रावर आहे, तो असायलाच हवा. मात्र वस्त्यांत राहणारा बौद्ध रुग्ण त्यात सुटून जाऊ नये, हे पाहणे आपले काम आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, त्यामागे नागपूरच्या संपत रामटेके यांच्यासारख्या कार्यकर्त्यांची वर्षानुवर्षांची झुंज आहे. रुग्णांसाठी राज्याने एसटी प्रवासाची सवलत, दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, संजय गांधी निराधार योजना अशा सोयी ठेवल्या आहेत. पुड्या विकणाऱ्यांच्या मजकुरात यातले एक अक्षर तरी कोणी वाचले आहे काय? ज्या माहितीने रुग्णाला हक्क मिळतो ती फिरत नाही. ज्याने खिसा कापला जातो तीच फिरते!

कायदा आहे, पण तो झोपलेला आहे. औषधे व जादूटोणा उपचार जाहिरातींचा कायदा १९५४ चा आहे. औषध नियमांच्या 'जे' परिशिष्टात आनुवंशिक विकार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये, असे नमूद आहे. सिकलसेल आनुवंशिक आहे. म्हणजे 'सिकलसेल बरा करतो' म्हणून पुडी विकणे नियमबाह्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पतंजली आयुर्वेदला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरून फटकारले आणि वृत्तपत्रांतून जाहीर माफी छापावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीला जाब विचारता येतो, तर गल्लीतल्या पुडीवाल्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे का करता येऊ नये? मजकुराचा फोटो, फोन नंबर आणि पैशाची पावती जपून ठेवावी आणि तक्रार लेखी करावी.

आपल्या बुद्ध विहारांना आणि जयंती मंडळांना शेवटी एक कळकळीचे सांगणे आहे. डीजेच्या खर्चातील थोडा वाटा रक्त तपासणी शिबिरासाठी काढा. तेथे होणाऱ्या साध्या विद्राव्यता चाचणीने वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही, त्यासाठी पुढची एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी लागते, हे लोकांना आधी सांगा. विहाराच्या फलकावर आशाताईचा आणि आरोग्य केंद्राचा नंबर लिहा. वस्तीतील शिकलेल्या मुला-मुलींनी दर आठवड्याला मोबाईलवर फिरणारा एक दावा घेऊन तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, काय विकण्यासाठी लिहिला, हे सर्वांसमोर वाचून दाखवावे. पुढे पाठविण्याचे बटण दाबण्यापूर्वी प्रत्येकाने एवढेच स्वतःला विचारावे की, हे चुकीचे निघाले तर कोणाचे लेकरू जाईल? उत्तर मिळेपर्यंत बोट आवरावे. बाबासाहेबांनी आपल्या हाती अक्षर दिले ते डोळे मिटून पुढे ढकलण्यासाठी नव्हे, डोळे उघडे ठेवून वाचण्यासाठी दिले आहे. लेकराला ताप आला तर मोबाईल खिशात ठेवा आणि आधी दवाखाना गाठा!